पाचव्या बाटलीची चव

मनोहर देवस्थळींना जन्मभर पैकीच्या पैकी मार्क मिळाले, आणि त्यानंच त्यांचं वाटोळं केलं. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात तीस वर्षं काढलेले हे गृहस्थ अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा घोकंपट्टीला बसले होते. विषय कोणता, तर इंग्लंडहून येणारी जुन्या पद्धतीची बाटलीबंद बिअर, जिला तिकडे एल म्हणतात. दारूच्या थेंबाला कधी शिवले नव्हते. पण मुलगा अनीश इंजिनिअरिंग अर्धवट सोडून बिअरच्या दुकानात लागला, तेव्हा लोक काय म्हणतील या धाकानं त्यांनी त्याला घराबाहेर काढलं. त्याला तीन वर्षं झाली. आता २००६ची दिवाळी तोंडावर आली होती. पोराला घरी बोलवायचं तर आधी त्याच्या विद्येत पास व्हावं, असं यांच्या डोक्यानं घेतलं. सरळ फोन करतील तर ते मनोहर कसले!

शनिवारी दुपारी दुकानात एल चाखण्याचा कार्यक्रम होता. परतताना गाडी चालवायला म्हणून बायको सुलेखा सोबत आली, पण बाटल्यांच्या दुकानात पाऊल टाकणार नाही म्हणून गाडीतच बसून राहिली. वडिलांना दारात पाहून अनीशचा चेहरा खुलला. “धिस इज माय डॅड,” त्यानं जमलेल्या पंधराजणांना सांगितलं आणि त्यांना पुढे बसवलं. बाटली कशी तिरकी धरायची, तळाचा यीस्टचा गाळ का हलू द्यायचा नाही, फार गार का करायची नाही, हे तो इतक्या मायेनं समजावत होता की मनोहरांना भरून आलं.

पाचवी बाटली ओतून तो म्हणाला, “बाबा, यू टेल अस. कशी लागते?”

घोट आंबट होता, चार दिवसांच्या ताकासारखा. जिभेला ते लख्ख कळलं. पण लेबलवरचं नाव मनोहरांना पाठ होतं, आणि लायब्ररीतल्या पुस्तकात त्या नावापुढे आंबट असं काही नव्हतं.

“रेझिन्स, मोलॅसिस, रोस्टेड ग्रेन,” मनुका, काकवी, भाजलेलं धान्य अशी पुस्तकातली चव त्यांनी ठणकावून सांगितली.

लोक हसले. बाटली बिघडलेली होती. दोष ओळखायला शिकवावं म्हणून अनीशनं ती मुद्दाम ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सगळे पांगल्यावर मनोहर पुटपुटले, “मला आंबट लागली होती रे.”

“मग बोलला का नाहीत?”

“पुस्तकात तसं नव्हतं.”

अनीश ग्लास विसळत राहिला. “आय नो, बाबा. मला इंजिनिअरिंग झेपत नाहीये, हे तेव्हाही तुम्हाला दिसत होतं. स्टिल, लोक बोलतात तेच बोललात.”

खरं होतं ते, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं. दिवाळीला घरी ये, एवढंच म्हणायचं होतं. पण नापास झाल्यावर तोंड उघडायची सवय या माणसाला कधी लागलीच नव्हती. ते तसेच बाहेर पडले.

गाडीत बसताच सुलेखानं विचारलं, “काय म्हणाला? येतोय ना?”

“वेळ नाही म्हणाला,” पट्टा लावता लावता मनोहर म्हणाले.