अँटिबॉडी उसन्या मिळत नाहीत

माझ्या पोटात उजव्या बाजूला माझ्या थोरल्या बहिणीची किडनी आहे. बहिणीला आम्ही घरात सगळेच आक्का म्हणतो. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी घरातल्यांच्या तपासण्या करायच्या ठरवल्या. कुणाची जुळते हे कळायच्या आधीच आक्का म्हणाली, "माजीच जुळंल. बाकीच्यांना उगा सुया टोचू नगा." आणि तिचीच जुळली. ऑपरेशननंतर थोड्याच महिन्यांत ती भाजे लेण्यांच्या पायथ्याशी आपल्या टपरीवर पुन्हा कणसं भाजायला उभी राहिली. मी तळेगावात माझ्या घरी, आणि ती तिकडे धुरात उभी राहून पुण्या-मुंबईच्या पोरांना लिंबू-तिखट लावून कणसं देतेय.

दुसऱ्याची किडनी शरीराने परकी म्हणून झिडकारू नये यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागतात. या गोळ्या शरीराचा पहारा सैल करतात. त्यामुळे किडनी टिकते, पण बाहेरून येणाऱ्या रोगालाही वाट मोकळी मिळते. करोनाच्या साथीत ते मला नीट कळलं. कित्येक दिवस मी ऑक्सिजनवर होते. घरी परतले तेव्हा चार पायऱ्या चढले तरी धाप लागायची. नवऱ्याने आमच्या घरात पाहुण्यांचं येणं जवळजवळ बंदच करून टाकलं.

मी बेगडेवाडीजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. बरी होऊन कामावर गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्या काळजीपोटी मला वर्गाऐवजी ऑफिसात बसवलं. भिंतीपलीकडे माझा तिसरीचा वर्ग होता. पोरं सातचा पाढा म्हणायची आणि सात आठे चोपन्न म्हणून पुढे जायची. मी इकडे पगारपत्रकं करता करता ओठांतल्या ओठांत छप्पन्न म्हणायचे. आत जाऊन चूक सुधारावी असं फार वाटायचं. पण त्यांतलं कुणी खोकलं की मी खुर्ची भिंतीपासून लांब ओढून घ्यायचे.

पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं होतं, तिथल्या डॉक्टरबाईंचा एक दिवस फोन आला. विषाणूने रूप बदललं होतं, त्यानुसार लसही बदलली होती. किडनी बदललेल्या लोकांच्या शरीरात या नव्या लसीने विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी किती तयार होतात, हे त्यांना पाहायचं होतं. तुलनेसाठी निरोगी नातेवाईकही हवे होते. मी आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "एवडं पोट फाडून दिलं, आता थेंबभर रगताला भिऊ व्हय?"

लस देण्याआधी आमचं दोघींचं रक्त घेतलं. आम्ही दोघींनीही जुन्या लसीचे डोस घेतलेले होते. निकाल सांगायला डॉक्टरबाईंनी आम्हाला समोरासमोर बसवलं. आक्काच्या रक्तात अँटिबॉडी चांगल्या होत्या. माझ्या रक्तात जवळजवळ नव्हत्याच.

मला रडू यायला लागलं. आक्का मात्र डॉक्टरबाईंवरच उखडली. "ह्ये कसं काय? माजी किडनी हिच्यात हाय न्हवं? मंग माजी ताकद का न्हाई गेली हिच्यात?"

"मावशी, अँटिबॉडी रक्तात असतात, त्या किडनीबरोबर येत नाहीत," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "त्या ज्याच्या त्याच्या शरीरालाच तयार कराव्या लागतात. आणि यांच्या शरीराला आम्ही गोळ्या देऊन झोपवून ठेवलंय."

"म्हंजी उसन्या मिळत न्हाईत?"

"नाही मिळत."

आक्काने पदराने माझं तोंड पुसलं. मग नवी लस नेमकं काय करते, असं मी विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, जुन्या लसीने शरीराला विषाणूची जुनी ओळख करून दिली होती. आता त्याचं रूप पालटलंय, म्हणून नव्या रूपाची ओळख करून द्यायची. आक्काला लगेच तिच्या टपरीवरची माकडं आठवली. "आमच्याकडं माकडं आदी फटाक्याला भ्यायची. आता कान बी हालवत न्हाईत. मंग आमी गलोल काढली." डॉक्टरबाई खळखळून हसल्या. त्या खोलीत तेवढ्यापुरतं मलाही हसू आलं.

पण मग एक अवघड प्रश्न पुढे आला. लसीच्या आगेमागे एखादी गोळी काही दिवस थांबवली तर अँटिबॉडी जास्त तयार होण्याची शक्यता असते, असं मी वाचलं होतं. मी तसं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शक्यता आहे. पण तेवढ्यात शरीराने किडनीवरच हल्ला केला तर? विचार करा, मग बोलू."

परतीच्या लोकलमध्ये आक्का खिडकीबाहेर बघत बसली होती. तळेगाव जवळ आलं तशी मी विचारलं, "आक्का, राग आला का गं? तुझी किडनी धोक्यात घालायला निघाले म्हणून?"

"राग कशाला येईल? एकदा दिली म्हंजी दिली. ती तुजी हाय." तिने माझी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "पर येवडी घाई शाळंसाटी करतीस का भीतीपायी, त्ये आदी बघ. भीतीपायी केलेलं मागनं निस्तरत न्हाई."

तळेगावला मी उतरले. ती तशीच पुढे मळवलीला गेली. मी घरापर्यंत चालत गेले आणि वाटेत मला माझं उत्तर मिळालं. शाळेची ओढ खरी होती, पण ती गोळी थांबवायला निघाली होती माझी भीतीच. दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं, गोळ्या आहेत तशाच चालू राहू देत. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं. तुमच्या रक्तातलं क्रिएटिनिन अजून वर-खाली होतंय, म्हणजे किडनी पुरती स्थिरावलेली नाही. मीही हेच सांगणार होते."

नवी लस आम्ही दोघींनी शेजारी शेजारी बसून घेतली. महिन्याभराने पुन्हा रक्त दिलं. या वेळी निकालाला नवराही आला होता, पण तो दाराशीच उभा राहिला. आक्काच्या अँटिबॉडी भरपूर वाढल्या होत्या, विषाणूच्या नव्या रूपाच्याही आणि जुन्या रूपाच्याही. माझ्या तिच्यापुढे अगदीच थोड्या होत्या. पण होत्या! गोळ्या चालू असूनही झोपलेल्या शरीराने कूस बदलली होती.

"हा आकडा म्हणजे चिलखत नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. "गर्दीत मास्क हवाच. ताप आला तर त्याच दिवशी मला फोन." पुढे काही महिन्यांनी त्यांनी आणखी एक डोस दिला आणि आकडा अजून थोडा चढला.

त्या वर्षी भातकापणी झाल्यावर आक्का नवा इंद्रायणी तांदूळ घेऊन तळेगावला आली. आदल्या आठवड्यात सलग सुट्ट्या होत्या, लेण्यांकडे पर्यटकांची झुंबड उडालेली. आम्ही दोघींनी एकाच ताटात गरम भात खाल्ला, लहानपणी खायचो तसा. ती घरी गेली आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला. मला आधी नुसते हुंदकेच ऐकू आले.

"मला ताप हाय गं. तपासलं. त्योच निघाला. म्या तुज्या ताटात जेवले, माय..."

संध्याकाळी मलाही कणकण आली. नवऱ्याने मागच्या वेळची हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी औषध सुरू केलं आणि घरीच राहायला सांगितलं. नवरा सारखा माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावत होता. आकडा खाली येत नव्हता. अंग दुखलं, घसा सोलवटून निघाला, चव गेली. पण श्वास माझा होता. मी दीर्घ श्वास घेऊन बघत होते आणि तो आत जात होता. त्या तापातसुद्धा मला त्याचं नवल वाटत होतं.

ताप उतरल्यावर किडनीची तपासणी केली. क्रिएटिनिन होतं तेवढंच होतं. मी आक्काला फोन लावला. ती स्वतः अजून खोकत होती आणि माझ्या काळजीने जेवत नव्हती, असं भाच्याने सांगितलं होतं.

"आक्का, तुझी किडनी मस्त आहे. मीही मस्त आहे."

पलीकडे तिने जोरात नाक शिंकरलं. मग एकदम, "काय खाल्लंस?"

"पेज."

"नुसती? वर तूप तरी घालायचं."

पुढच्या जूनमध्ये मी वर्ग मागितला. मुख्याध्यापकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली खोली दिली. मी मास्क लावून शिकवते. सुरुवातीला पोरांना माझं बोलणं नीट कळायचं नाही, आता ती माझ्या डोळ्यांवरूनच ओळखतात की बाई हसतायत की रागावल्यात.

परवा मधल्या सुट्टीत आक्काचा फोन आला. ती कामशेतच्या एका दवाखान्याबाहेर होती. लेण्यांखालच्या टपऱ्यांवरच्या चार-पाच बायकांना ती फ्लूच्या लसीसाठी घेऊन आली होती. बायका दारापर्यंत येऊन अडल्या होत्या.

"म्हणत्यात गेल्या साली घेतलीया, पुन्यांदा कशाला? तूच सांग त्यांना, तू मास्तरीण." तिने फोन मोठ्याने ऐकू येईल असा केला.

मी व्हरांड्यात उभी राहून सांगितलं की फ्लूचा विषाणू सारखा बदलत असतो, म्हणून लसही दरवर्षी नव्याने ठरवतात. आणि अंगातल्या अँटिबॉडीही वर्षभरात ओसरतात.

"हात दुकतो का वो बाई?" एकीने विचारलं.

"दुखतो. एखादा दिवस."

"मंग भाकऱ्या कोन थापनार?"

"नवरा थापंल की!" आक्का म्हणाली. "न्हाई थापल्या तर एक दिस भात खा समदी."

पलीकडे बायकांचा हशा उसळला. कुणीतरी "चला गं" म्हणालं, चपला काढल्याचा आवाज आला, आणि आक्का फोन बंद करायचा विसरून त्यांच्या मागोमाग आत गेली.