सुट्टी का कॅन्सल?

वीर स्टेशनला उतरलं की आधी रिक्षावाले दिसतात, डोंगर नंतर. दिवाळीच्या सुमाराला ते अजून हिरवे असतात, फक्त कडेकडेने पिवळे पडायला लागलेले. आखातातल्या खोलीत बंकवर पडून मी हे स्टेशन इतक्या वेळा आठवतो, की प्रत्यक्षात ते थोडं लहानच वाटतं. या वेळी मात्र मला ना डोंगर दिसले, ना रिक्षा. फलाटाच्या टोकाला माझी बायको नसीमा उभी होती, तिच्या हाताला धरून सहा वर्षांची हिबा, आणि शेजारी एक उंच मुलगी. ती आफरीन, माझी थोरली, हे कळायला मला क्षणभर लागलं. मोबाइलवर रोज चेहरा दिसतो, उंची दिसत नाही. तो एक क्षण मी कुणाला सांगितला नव्हता. मी तसाही कमी बोलतो. आता लिहितोय तर तिथूनच सुरुवात करतो.

रिक्षात बॅगा कोंबताना रिक्षावाल्याने विचारलं, "काय भाई, सुट्टी का कॅन्सल?"

महाडकडे आखातातून आलेल्या माणसाला सलामाच्या पाठोपाठ हाच प्रश्न येतो. सुट्टी म्हणजे महिनाभराने परत जाणार. कॅन्सल म्हणजे तिकडचा व्हिसा रद्द करून कायमचा घरी आला. मी तोंड उघडायच्या आत हिबा ओरडली, "कॅन्सल! आमचे अब्बा कॅन्सल झाले!"

"वा! म्हंजे गावात मानूस वाढला," रिक्षावाला म्हणाला. नसीमा हसली. मी बॅगेचा पट्टा घट्ट करत बसलो. तो आधीच घट्ट होता.

कारण मी कॅन्सल केलं नव्हतं. पावसाळ्यात फोनवर "या वेळी कॅन्सल करूनच येतो" असं म्हणालो होतो, आणि तेव्हा ते खरं होतं. निघायच्या थोडं आधी साहेबांनी विचारलं, आणखी दोन वर्षं राहतोस का, तर मी मान हलवली. घरी कळवलं नाही. त्याऐवजी सहलीचा बेत आखायला बसलो.

तो बेत मी फार मन लावून केला होता. ड्युटीवरून आल्यावर मोबाइलमध्ये रस्ते बघायचो, राइडचे व्हिडिओ बघायचो. आधी खोपोलीकडचं मोठं थीम पार्क, पोरी किती वर्षं मागत होत्या ते. मग एक दिवस घरी आराम. मग पोलादपूरवरून आंबेनळी घाट, जिथे वळणावर सगळी दरी एकदम उघडते तिथपर्यंत. शेवटी सव, आमच्या महाडहून सावित्रीच्या पलीकडे, गरम पाण्याचे झरे आहेत तिथे. हे असं ओळीने लावण्यात एक डाव होता. पोरींची मनं आधी भरू देत, घाटात गार वारा लागू दे, मग सांगू.

चुलतभावाची गाडी मागून घेतली होती. पार्कच्या दिवशी भल्या सकाळी किल्ली घेऊन रुबाबात गेलो आणि सवयीने डावीकडचं दार उघडलं. तिथे नसीमा बसलेली.

"मी चालवू काय?" ती म्हणाली. "बसा इकडे, जागा करून देते."

तिकडे स्टिअरिंग डाव्या हाताला आणि रस्ता उजवीकडून. महामार्गाला लागताना मी रस्त्याच्या उजव्या बाजूलाच शिरलो आणि समोरून एसटी आली. तिघी एकदम ओरडल्या. त्यानंतर पार्क येईपर्यंत हिबा दर थोड्या वेळाने मला "अब्बा, डावीकडून" असं बजावत होती, अगदी चहाला थांबलो तेव्हाही. नसीमाने डब्यात सांदणं (तांदळाच्या रव्याच्या वाफवलेल्या गोडसर वड्या) आणली होती. तिकडे याच चवीसाठी जीव टाकतो. त्या दिवशी दोन खाल्ली आणि पुरे म्हणालो. नसीमाने माझ्याकडे पाहिलं आणि डबा बंद केला.

पार्कची तिकिटं मी तिकडूनच काढून ठेवली होती. फाटकापाशी रंगीत पट्टी उभी केलेली होती, तिच्या खालची ती मुलं, वरची ती मोठी. खिडकीतल्या मुलीने मोबाइल बघितला, आम्हाला बघितलं.

"सर, दोन मोठे, दोन मुलं. दुसरं मूल कुठंय?"

मी आफरीनकडे बोट केलं. ती पट्टीच्या बरीच वर होती. खिडकीतली मुलगी हसू दाबत म्हणाली, "सर, ह्या तर मॅडम आहेत."

गेल्या सुट्टीत ती माझ्या खांद्याच्याही खाली होती. तीच उंची मनात धरून मी तिकडे बसून तिकीट काढलं होतं. आफरीन पट्टीला पाठ लावून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "बघून घ्या अब्बा. परत विसराल."

ती थट्टेत म्हणाली. मी बघून घेतलं.

छोट्यांच्या विभागात मी मनात दोघींना शेजारीशेजारी बसवलं होतं, फिरत्या कपांमध्ये. हिबा एकटीच बसली आणि दर फेरीला नसीमाला हात करत राहिली. आफरीनला रोलर कोस्टर हवा होता. तिच्यासोबत मी बसलो. गाडी कडकड करत चढू लागली. खाली माणसं मुंग्यांएवढी झाली. आफरीनने माझ्या मनगटाला धरलं. घाबरून धरलं असेल असं वाटलं, पण ती खाली बघतच नव्हती.

"अब्बा, नक्की कॅन्सल ना?"

"हो," मी म्हणालो, आणि गाडी कोसळली.

आफरीन खाली येईपर्यंत हसत ओरडत होती. मी समोरचा दांडा धरून डोळे मिटून घेतले.

का म्हणून मान हलवली साहेबांपुढे, तेही सांगून टाकतो. घराला लागतं, पोरींची शिक्षणं आहेत, हे सगळं खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मला कायमचं घरी येण्याची भीती वाटते. सुट्टीवरच्या माणसासाठी ताजी मासळी येते, नातेवाईक भेटायला येतात, पोरी भांडण थांबवतात. तिकडच्या माझ्या खोलीतला एक जण कॅन्सल करून आला, तो आता आमच्या नाक्यावर दुकानाच्या फळीवर बसतो. पहिला महिना लोक त्याला चहा पाजत होते. आता तो आला तरी कुणी सरकून जागा करत नाही. तिकडे माझ्या हाताखाली माणसं आहेत, यंत्र बिघडलं की मला हाक मारतात. इथे माझ्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते मला विचारावं लागतं. आठवण तर घराचीच येते, रोज येते. पण राहायचं कसं, ते मी शिकलोच नाही.

एक दिवस आराम झाला. मग पोलादपूर. गाव मागे पडलं की रस्ता वर चढू लागतो आणि प्रत्येक वळणाला सावित्रीचं खोरं आणखी खोल जातं. पावसाळ्यातले मोठे धबधबे आता आटत आलेले, कड्यावरून दोऱ्यासारखी धार तेवढी उरलेली. कठड्याच्या फटींतून सोनकीची पिवळी फुलं डोकावत होती. खिडक्या उघड्या टाकल्या. हिबाने तोंड बाहेर काढून वारा खाल्ला. आफरीन फोटो काढत होती. माझ्या मनात एकेक वळण कमी होत होतं.

ठरवलेल्या वळणाआधीच हिबाला भजीचा वास आला. रस्त्याकडेला ताडपत्रीखाली एक मावशी कढई लावून बसली होती.

"कुठली गो पोरी तुमी?" तिने विचारलं.

"महाडची," आफरीन म्हणाली.

"आनि हे?"

"हे आमचे अब्बा," हिबा म्हणाली. "ते आधी सुट्टीत राहायचे. आता कॅन्सल झाले."

मावशीचा झारा कढईवरच थांबला. "अगो बाय! कॅन्सल? काय झालं यांना? चांगले धट्टेकट्टे दिसतात!"

नसीमाला हसू आवरेना. "तसं नाय मावशी. परदेशात होते, आता कायमचे आले. परत जायचे नायत."

"असं बोल ना गो! मी म्हटलं, डॉक्टरनी सांगितलं का काय." तिने कागदात आमची भजी बांधली, मग आणखी एक मोठं भजं वेगळं काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे वरचं. घरी आलेल्या मानसाला. खा."

ते हातावर चटके देत होतं. मी ते घेऊन कठड्यापर्यंत चालत गेलो. तिघी मागून आल्या. समोर दरी होती, बेतात होती तशीच, फक्त ठरवलेली वाक्यं आठवेनात.

"नसीमा," मी म्हणालो, "कॅन्सल केलं नाय मी. दोन वर्षं वाढवली. यायच्या आधीच."

दरीतून वारा वर येत होता आणि तिची ओढणी उडत होती, ती तिने दोनदा आवरली. मग म्हणाली, "म्हणून ही सहल? राइडवर बसवलंत, घाट दाखवलात. तिथे आरडाओरडा चालतो, इथे ओरडलं तर दरीत जातं. चांगली जागा शोधलीत."

"तसं नाय..."

"तसंच हाय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "फोनवरच सांगायचं होतंत मला. मी रडले असते नि भांडी घासली असती. पोरींना का फिरवलंत?"

आफरीन दरीकडे बघत होती. "वर होतो तेव्हा मी विचारलं होतं अब्बा," ती म्हणाली. बस, तेवढंच. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली ती मीठ द्या, पाणी द्या एवढंच.

हिबा सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. "म्हणजे अब्बा कॅन्सल नाय?"

"नाय बाळा. सुट्टी."

तिने विचार केला. मग माझ्या हाताकडे बोट दाखवून विचारलं, "मग मावशीचं वरचं भजं परत द्यायला लागेल?"

नसीमाला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. मी भजं घेऊन परत ताडपत्रीखाली गेलो आणि मावशीला म्हणालो, मी सुट्टीवर आहे, परत जाणार आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. "मग तर खाच," ती म्हणाली. "तिकडे कोन देनार हाय?" मी तिथेच उभा राहून ते खाल्लं. आत कच्चं होतं. सगळं खाल्लं.

सव राहिलं. नसीमा म्हणाली, जवळच तर हाय, कधीपण जाऊ. बेताचा तेवढा तुकडा कोऱ्याचा कोरा राहिला आणि निघायचा दिवस आला.

वीरला सोडायला तिघी आल्या. रिक्षावाला तोच निघाला की दुसरा, आठवत नाही, पण बॅगा बघून म्हणाला, "अरे, आता कुठं भाई?" हिबाने माझ्याकडे बघितलं. या वेळी ती बोलली नाही. "सुट्टी होती," मी म्हणालो. "संपली."

फलाटावर आफरीन माझ्या शेजारी उभी राहिली. तिचं डोकं माझ्या कानाला लागत होतं. गाडीचा दिवा दिसला तसा मी म्हणालो, "पुढच्या वेळी आधी सव करू. मग..."

"अब्बा," तिने माझ्या बॅगेचा पट्टा नीट केला. "प्लॅन नका करू. नुसते या."

आता तिकडेच बसून हे लिहितोय. मागच्या रविवारी सकाळी मी साइटवर होतो, कंटेनरच्या सावलीत, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. सगळा पडदा पांढरा. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग हिबाचा आवाज आला, "अब्बा, आम्ही सवला आलो! पाणी खरंच गरम हाय! दिसतंय काय?"

काही दिसत नव्हतं. गार सकाळ, गरम पाणी, सगळी वाफ मोबाइलवर बसलेली. पाण्याचा आवाज येत होता, नसीमा कुणाला तरी "घसरशील गो" म्हणत होती. मी म्हणालो, "दिसतंय." मग थांबलो आणि म्हणालो, "नाय हिबा, दिसत नाय. नुसती वाफ हाय."

"थांबा," आफरीन म्हणाली. ओढणीच्या टोकाने तिने मोबाइलचा कॅमेरा पुसला. क्षणभर तिचं कपाळ आणि डोळे अगदी जवळ आले, आणि मग वाफ पुन्हा चढली.