काकांचे लाडू

चौबे कॉलनीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका रेल्वेतून रिटायर झालेले. जिन्यात चपला वाकड्या दिसल्या तरी घंटी वाजवून आम्हाला बाहेर बोलावत.

दिवाळीच्या सुट्टीत काकू गोल बाजारात गेलेल्या असताना काकांनी पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, पोट्ट्यांना बेसनाचे लाडू वळायला बोलावलं. मीही माझ्या मुलीला घेऊन गेले. थोड्याच वेळात बेसन मुलांच्या केसांत, पडद्यावर आणि काकांच्या चष्म्यावरही गेलं. "लाडू गोल असतो! गोल!" काका ओरडत होते. त्यांचे स्वतःचे लाडू मात्र एका मापाचे, ताटात ओळीनं मांडलेले.

माझ्या मुलीचा लाडू सारखा फुटत होता. बाकीची मुलं हसली, तशी ती रडवेली झाली.

"मुझसे नहीं बनता," ती शाळेतल्या हिंदीत म्हणाली.

"काहून रडून राहिली?" काका म्हणाले आणि त्यांनी आपल्या सगळ्यात सुबक लाडवावर तळहात दाबला. "हे पाय, माह्याच्यानं बी नाही बनून राहिला!"

मुलगी खुदकन हसली. मग सगळ्याच पोरांनी आपापले लाडू आनंदानं चिरडले.

तेवढ्यात काकू परतल्या. ताटाकडे बघत म्हणाल्या, "अहो, हे काय?"

"चुरमा," काका गंभीरपणे म्हणाले. "चमचे आण."