एका हिसक्यात सुटणारी गाठ

नोकरी मागायला गेलो तेव्हा सातिवलीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गाळ्यात शेठने आधी माझं लायसन्स पाहिलं आणि मग माझे हात.

"हे हात ड्रायव्हरचे नाहीत," तो म्हणाला.

खोटं कशाला बोलू, नव्हतेच. तीस वर्षं दोर ओढून ओढून तळव्यांना आडव्या भेगा पडलेल्या. हेवीचं लायसन्स मी तरुणपणी हौसेने काढून ठेवलं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद असली की बर्फाच्या गाड्या चालवायचो, तेवढाच सराव.

"मग होडी कुठे गेली?" शेठने विचारलं.

"विकली."

"बरं केलंस. आता डांबरावर चालव," म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण पंचेचाळिशीत नवीन नोकरी मागणाऱ्या माणसाने हात खिशात ठेवावेत. मी ठेवले.

गाडी म्हणजे पुढे केबिन आणि मागे नुसता सपाट पाट. बाजूला फळ्या नाहीत, वर छप्पर नाही. लोखंडी पाइप, पत्रे, मशिनं, जे कुठे मावत नाही ते या पाटावर टाकायचं, दोराने आवळायचं आणि निघायचं. अशा गाडीत सगळा जीव दोरात असतो. दोरातलं तर मला कळतं, या घमेंडीत मी होतो.

पहिल्याच दिवशी नायगावला एका टॉवरच्या साइटवर पाइप न्यायचे होते. माझ्यासोबत गाडीवरचा जुना ड्रायव्हर दिला होता. सोलापूरकडचा माणूस, साठीला आलेला, सगळे त्याला मामा म्हणत. मामा तंबाखू मळत उभा राहिला आणि मी तोऱ्यात पाइप बांधले. कसे बांधले? बाबाने शिकवले तसे. होडीची आमची एक गाठ आहे. कितीही ताण आला तरी धरून ठेवते, पण तिचं बाहेर सोडलेलं शेपूट ओढलं की एका हिसक्यात खल्लास, अख्खी सुटते. दर्यात जाळं कुठे अडकलं, वारं फिरलं, तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो. मी सात-आठ वर्षांचा असताना बाबाने मला ती पाठीमागे हात बांधल्यासारखे धरून, न बघता मारायला शिकवली होती. चुकलो की टपली.

नायगावच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी आदळली. पाइपांच्या मध्ये लोंबणारं शेपूट कुठेतरी दाबलं गेलं, ओढलं गेलं, आणि सगळे पाइप धडाधडा रस्त्यावर. नशीब, मागे कोणी नव्हतं. एक रिक्षावाला थांबून माझ्या आईचा उद्धार करून गेला. मी रस्त्यात उभा.

मामा खाली उतरला. ओरडला नाही. तुटका दोर शोधायला लागला आणि दोर तर धड होता. मग त्याने गाठ कशी होती ते विचारलं. मी दाखवली.

"अरे शहाण्या," तो म्हणाला, "ही तर सुटायलाच टपलेली गाठ. गाडीची गाठ सुटायची नसते. घरी पोचल्यावर दात लावून सोडावी लागली तरी चालेल."

पाइप परत चढवताना कंबरडं मोडलं. मामाने शेठला काही सांगितलं नाही, आणि पुढच्या चार दिवसांत मला गाडीच्या गाठी शिकवल्या. शिकलो. पण हात दर वेळी जुन्याच वाटेने जायचे, त्यांना मागे ओढावं लागायचं.

आता होडीचं सांगतो, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही.

आमचं घर कळंबला, रस्त्याला लागून. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचा. आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत, त्यामुळे मीही करणार नाही. गुडघे गेल्यापासून तो दर्यात जात नव्हता, पण होडी त्याचीच होती. पुढच्या अंगाला आईचं नाव लिहिलेलं. नारळी पौर्णिमेला आई तिथेच कुंकू लावायची. ती गेल्यावर बाबा लावायचा, थरथरत्या बोटाने, वाकडं. एकदा दगडावर आपटून पुढची फळी फुटली होती, तिथे बाबाने परसातल्या फणसाच्या लाकडाची ठिगळपट्टी बसवली होती. ती पट्टी हाताला वेगळी लागायची.

मासळी कमी होत गेली. जाळ्यात प्लास्टिक जास्त. सोबतीला माणसं मिळेनात, जो तो गावातल्या कॉटेजांवर नाहीतर कंपनीत. एकटा मी किती ओढणार? शेवटी बाबाच म्हणाला, "इक." पण एक अट घातली. "जो घेल त्याने दर्यात नेली पायजे. किनाऱ्यावर ठेवून कुजवायची न्हाय."

आणि मी काय केलं? दोन महिने एकही मासेमार फिरकला नाही. एवढी लहान लाकडी होडी आता कोणाला हवी आहे! मग एक माणूस आला. त्याने इंजिन बघितलं नाही, पाणी झिरपतं का विचारलं नाही. चहूबाजूंनी फोटो मात्र काढले. ही दर्यात जाणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही दिली. बाबाला सांगितलं, खाडीपलीकडच्या एका होडीवाल्या तांडेलाने घेतली, चांगला माणूस आहे, रोज जातो दर्यात.

एक खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. भरतीची वेळ झाली की बाबा ओट्यावर बसून विचारायचा, "आता सुटली असेल ना रे?" मी म्हणायचो, सुटली असेल. मग विचारायचा, काल काय मिळालं? मी सांगायचो, बोंबील मिळाले म्हणे. कधी मांदेली. एकदा जोशात येऊन मी म्हणालो, कोलंबी मिळाली, टोपल्याच्या टोपल्या.

बाबा खूश झाला. मग म्हणाला, "आपल्याला मेली कदी मिळाली न्हाय एवढी. माझ्याबरोबर रुसून होती वाटतं." आणि हसला. मी हात धुवायला म्हणून आत गेलो आणि नळ सोडून तसाच उभा राहिलो. लाज वाटत होती, पण खरं सांगू, थोडं बरंही वाटत होतं. बाबाच्या डोक्यात का होईना, होडी दर्यात जात होती. ती तिथे तरी चालू राहावी एवढंच मला हवं होतं.

नोकरीच्या नवव्या दिवशी शेठने पत्ता दिला. सातिवलीतच मागच्या गल्लीतून एक माल उचलायचा, कळंबला एका कॉटेजवर टाकायचा. "तुझ्याच गावची डिलिव्हरी," म्हणाला. "रस्ता तुला माहीत."

त्या गाळ्यात जुनी दारं, बैलगाडीची चाकं, पितळी घंगाळी असं सगळं घासूनपुसून ठेवलेलं. आणि मधोमध होडी. निळा-पांढरा रंग मारलेली. आईच्या नावावरून रंग फिरवून वर इंग्रजीत कसलंतरी नाव काढलं होतं. आत बसायला फळ्या ठोकून वर गाद्या टाकलेल्या. मी पुढच्या अंगावर हात फिरवला. रंगाखाली फणसाची पट्टी होती.

"काय रे, भूत बघितल्यासारखा का झालास?" मामाने विचारलं.

मी सगळं सांगितलं. मामाने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "शेठला फोन कर, दुसरा ड्रायव्हर दे म्हण," तो म्हणाला. पण पहिल्या महिन्यात भाडं नाकारणारा ड्रायव्हर दुसऱ्या महिन्यात कुठे असतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

कॉटेजला जायला आमच्या दारावरूनच रस्ता. दुसरा नाही. बाबा जेवून एक वाजता आडवा होतो तो तीनला उठतो. मी हिशेब केला. होडीवर ताडपत्री टाकली, गाडीच्या गाठींनी करकचून बांधली, आणि निर्मळच्या तळ्यापाशी गाडी लावून दीड वाजेपर्यंत चहावर चहा प्यालो. मामाचाही चौथा चहा झाला तेव्हा तो म्हणाला, "चल आता, होऊ दे काय व्हायचं ते."

कळंबमध्ये लाईट गेली होती. पंखा बंद, म्हणून बाबा आत झोपलाच नव्हता. ओट्यावर बसून शेजाऱ्याचं जाळं विणत होता. आणि आमच्या घरासमोर रस्त्यावरून केबलची वायर लोंबते, ती मी रोज बघतो, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ती नव्हतीच. होडीची उंची वायरीला अडली. मी ब्रेक मारला.

बाबाने वर बघितलं. गाडी ओळखली नाही, मी केबिनमध्ये खाली सरकून बसलेलो. कोणा परक्याची गाडी अडलीय एवढं त्याला दिसलं. तो भिंतीला टेकवलेला बांबू घेऊन गुडघ्यांवर हात टेकत टेकत आला आणि वायर वर उचलून धरली. "घे, घे पुढे," म्हणाला. "सावकाश."

मी गाडी वीतभर पुढे घेतली. वाऱ्याने ताडपत्रीचं टोक उडत होतं. बाबाचा बांबू तसाच वर राहिला, पण त्याची नजर खाली आली. ताडपत्रीत गुंडाळलं म्हणून काय झालं, चाळीस वर्षं जिच्यात बसला तिचा आकार माणूस विसरतो का?

त्याने बांबू खाली उतरलेल्या मामाकडे दिला. हात ताडपत्रीच्या आत घातला. चाचपडत चाचपडत त्या पट्टीवर येऊन थांबला.

मी खाली उतरलो.

बाबाने माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नेहमीच्याच आवाजात विचारलं, "परवा कोलंबी किती मिळाली म्हनालास?"

"बाबा..."

"कुठे नेतोस?"

"पुढे. त्या स्विमिंग पूलवाल्या कॉटेजवर."

"बसायला?"

"हो. लोक फोटो काढतात."

तो मान हलवत राहिला. मग पुढच्या दोराकडे गेला आणि माझी गाठ बघितली. "ही कुठली गाठ? हिला सोडवताना जीव जायचा," म्हणाला आणि सोडायला लागला. नखं घातली, दात लावले. मामा बांबू घेऊनच पुढे झाला, "काका, राहू द्या, गाडी हलेल, माल पडेल." मी मामाचा हात धरला. पुढची गाठ सुटली, आणि बाबाने तोच दोर घेऊन आपली गाठ मारली. न बघता. डोळे माझ्या मागे, सुरूच्या झाडांकडे, जिथून दर्याचा आवाज येत होता. शेपूट नीट बाहेर काढून ठेवलं.

"जा," म्हणाला. "हलू हलू ने."

उरलेलं अर्ध्या मैलाचं अंतर मी पहिल्या गिअरमध्ये काढलं. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दे म्हटलं.

कॉटेजवर क्रेन आली होती. मालक तरुण होता, बोलायला चांगला होता, त्याने आम्हाला सरबतही दिलं. त्याला होडी पूलशेजारी हवी होती, तोंड गेटकडे करून, म्हणजे आत शिरताच दिसेल. दर्या पाठीमागे. मला वाटलं, सांगावं, तोंड दर्याकडे असू दे. सांगितलं नाही. मामाच्या आणि माझ्या गाठी सोडताना घाम निघाला, एक गाठ तर कोयत्याने कापावी लागली. शेवटी पुढची राहिली. मामा म्हणाला, "ती तू सोड."

मी शेपूट ओढलं. एका हिसक्यात सुटली. काही अडलं नाही, कुठे ओढ बसली नाही. दोर माझ्या हातात आला आणि क्रेनने होडी उचलली. मी सगळ्यांसमोर रडलो. मालकाला वाटलं बोटाला लागलं, त्याने बर्फ मागवला.

संध्याकाळी घरी गेलो. बाबा जाळं विणतच होता. मी शेजारी बसलो. त्याने विचारलं, "सुटली?"

"सुटली."

"अडकली न्हाय ना?"

"नाही. एका हिसक्यात."

"मग झालं," तो म्हणाला.

तो मला कधी एका शब्दाने टाकून बोलला नाही. नोकरी चालू आहे, आता मी एकटाच जातो, माझा माल पडत नाही. फक्त भरतीच्या वेळी बाबाने विचारायचं बंद केलं. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम त्या वेळेला ओट्यावर बसतो. एकदा न राहवून मीच म्हणालो, "बाबा, आज वारं चांगलं आहे."

"असेल," तो म्हणाला आणि जाळ्यातून मान वर केली नाही.