कान शेवटी

वाघमारे सिस्टर मेलेल्या माणसाशी बोलत. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. गारखेड्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स म्हणून लागले, त्याच आठवड्यात हे पाहिलं आणि खोलीवर येऊन बॅग भरायला घेतली. सोबतच्या मुलींनी समजूत घातली म्हणून राहिले.

वॉर्डात कुणी गेलं की नातेवाइकांकडे सोपवण्याआधी देहाची तयारी आम्हीच करायचो. डोळे मिटायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, नाकाकानांत कापसाचे बोळे घालायचे. सिस्टर आमच्या इन्चार्ज. त्यांचा दंडक एकच, कान शेवटी. आधी पडदा ओढायचा, पंखा बंद करायचा आणि त्या पेशंटला हात लावलेल्या सगळ्यांनी खाटेभोवती उभं राहायचं. मी हे पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी एक आजी गेल्या होत्या. सिस्टर त्यांच्या कानाशी वाकल्या. "आजी, काल तुमची सलाइन संपलेली आमच्या ध्यानात आलं नाय. नळीत रक्त चढलं. तुम्ही बोलल्या नाय, पण लई दुखलं आसंल. चुकलं आमचं." मग सरळ होऊन आम्हाला म्हणाल्या, "आजून कुणाचं काय हाय?" आणि थांबल्या.

ते थांबणं फार वाईट. मे महिन्याचा उकाडा, पडदासुद्धा हलत नाही, आणि आजींचा चेहरा असा की अजून ऐकताहेत. शेवटी कुणीतरी बोलेच. सगळ्यांचं सांगून झालं की मगच कानांत बोळे.

एकदा चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "सिस्टर, तुम्ही भुतंबितं मानता का?" पडेगावच्या बौद्ध घरातल्या बाई, नवस नाही, उपास नाही, मांजर आडवं गेलं तर त्यालाच हाकलून पुढं जाणाऱ्या. त्या हसल्या. "भूत कशाचं आलंय? ऐकणारा गेला म्हून सांगणाऱ्याचं सुटतं व्हय?"

पडद्याआड निघालेली चूक त्या स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना, नातेवाइकांना सांगत. आम्हाला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "सांगितलेल्या चुकीसाठी मी भांडंन. लपवलेलीसाठी माझ्याकडं येऊ नका." आणि त्या भांडत. आजींच्या सलाइनकडे लक्ष न गेलेल्या मुलीला काढायचं ठरलं, तेव्हा मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि तो विचार बदलेपर्यंत उठल्याच नाहीत. आमचा वॉर्ड हळूहळू नेटका झाला. आम्ही काही फार गुणी झालो नव्हतो. त्या पडद्याआड सांगण्यासारखं आपल्याकडे काही असू नये, एवढीच धास्ती होती.

तरी माझ्यावर ती वेळ आलीच. नऊ नंबरच्या खाटेवर सिल्लोडचे एक शिंपी चाचा होते, हृदयाचे पेशंट. त्या दुपारी दोघी जणी रजेवर, आणि चौदा पेशंटना मी एकटी. दोन वाजताचे बीपी मी अर्ध्यांचेच मोजले. उरलेल्यांचे सकाळचे आकडे पाहून थोडे इकडेतिकडे करून लिहून टाकले. त्यात चाचांचाही होता. पावणेतीनला वॉर्डातल्या आयामावशी चादर बदलायला गेल्या, तर चाचांचे हात गार लागले. डॉक्टर धावत आले, बरीच खटपट झाली, पण काही उरलं नव्हतं.

पडद्याआड सिस्टरांच्या एका हातात चार्ट होता, दुसऱ्यात कापूस. "चाचा, दोन वाजता तुमचा बीपी चांगला व्हता म्हणतो हा कागद. मग पाऊण तासात काय झालं, ते मला कळंना." आणि त्या थांबल्या.

मी बोलले नसते तर जगात कुणालाही कळलं नसतं. बोलले तर नोकरी जाणार, कदाचित नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही, आणि घरात पगार आणणारी मी एकटी. बाहेर चाचांचा मुलगा पाच-सहा जणांसह उभा होता. नातेवाइकांनी फोडलेल्या काचा मी पाहिलेल्या होत्या. मॅनेजरनं बाहेरून विचारलं, "अजून किती वेळ?" सिस्टर म्हणाल्या, "थांबा. चाचांना घाई नाय." चाचांचा डावा डोळा किंचित उघडा होता. मी दोनदा मिटला होता.

"चाचा," मी म्हणाले, "मी दोनला तुमच्याकडे आलेच नव्हते. आकडा सकाळचा बघून लिहिला."

सिस्टरांनी शांतपणे दोन्ही कानांत बोळे घातले. "आता जित्या माणसाला सांगायचं. चल."

व्हरांड्यात त्या मुलापुढे आधी त्या उभ्या राहिल्या. "बाबा, चौदा पेशंटवर एकच पोरगी मी ठेवली. चूक तिथनं सुरू झाली. पुढचं ही सांगंल." मी सांगितलं. मला वाटलं, आता हात उठेल. त्यानं भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाला, "आखिर में अब्बा कुछ बोले क्या?"

हे मी आतही सांगितलं नव्हतं. "दीडच्या सुमारास हाक मारली होती. बेटी म्हणून. मी लांबूनच 'आले चाचा' म्हणाले."

त्यानं तोंडावर रुमाल धरला. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, वळल्या आणि पुन्हा पडद्याआड गेल्या. मी मागोमाग. त्यांनी चाचांच्या दोन्ही कानांतले बोळे काढले. "हे ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "सांग." मुलगाही आत येऊन उभा राहिला. मी पुन्हा सांगितलं, चाचांना.

चाचा कदाचित तसेही गेले असते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला त्याचा उपयोग झाला नाही. एवढी मोठी चूक मॅनेजरला न विचारता नातेवाइकांना सांगितली म्हणून सिस्टरांचा राजीनामा घेतला गेला. त्यांनी अहवालात चूक करणाऱ्यांत पहिलं नाव स्वतःचं लिहिलं होतं, त्यामुळे मी राहिले. मला त्या पडेगावच्या घरून कधी फोन करीत, तर एवढंच विचारीत, "मोजतीस ना?" दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मला त्यांची अजून भीती वाटते आणि फार आठवण येते, दोन्ही एकाच वेळी.

आता तो वॉर्ड माझ्याकडे आहे. दुपारी कधी कधी नऊ नंबरवरून हाक आल्यासारखी वाटते. मी 'आले' म्हणत नाही, उठून जाते. खाट रिकामी असली तरी दोन मिनिटं तिथं उभी राहते. नवीन मुली त्यामुळे मला घाबरतात, असं कानावर येतं. घाबरू देत.