रांगेची मर्यादा सांभाळणारे काका

सर्व्हरला हात लावण्याआधी साबणानं हात धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला: आमच्या नाशिकमधल्या द्वारकेच्या ऑफिसातले सिस्टीमवाले काका. चपला दाराबाहेर काढत आणि एंटर दाबण्याआधी टाइप केलेली ओळ ओठातल्या ओठात तीनदा वाचत. आमचं सॉफ्टवेअर देवळ्याकडे कांद्याच्या वजनकाट्यावर चालायचं. वजन घेणारा प्रोग्राम निरोप रांगेत टाकायचा, चिठ्ठी छापणारा तो उचलायचा. रांगेत एका वेळी किती निरोप मावतील, याची मर्यादा लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातच, ठरलेली असते. हंगामात ती कमी पडली की रांग तुंबे, काटा गोठे आणि ट्रॅक्टर जागच्या जागी उभे. "दसपट करून टाका की," असं कुणी म्हटलं की काका उखडत. "टाकी मोठी केल्यानं नळाची धार वाढते का हो? छापणारा हळू आहे, आधी त्याच्याकडे बघा." मग एसटीनं देवळ्याला जात, दिवसभर काट्याशेजारी बसून ट्रॅक्टर मोजत आणि मर्यादा जेमतेम हवी तेवढीच वाढवत. "लय चिकट हाय तुमचा म्हातारा," तिथला मापारी मला फोनवर म्हणाला होता, "पन काटा नाय अडकला परत."

एक खोड मात्र मला सोसवत नसे. मर्यादा ते चालू मशीनवर हातानं लावत, कायमच्या फाइलीत लिहीतच नसत. मशीन रीस्टार्ट झालं की आकडे पुन्हा मूळपदावर. त्यामुळे ते निवृत्त झाल्यावरही दर वेळी नाशिक रोडला त्यांच्या घरी फोन करावा लागे. काकू गेल्यापासून ते एकटेच. पहिल्याच रिंगला उचलत. आकडे सांगण्याआधी प्रिंटरची, मापाऱ्याची, माझ्या गुडघ्याचीही चौकशी होई.

"काका, एकदा फाइलीत लिहून मोकळे व्हा ना."

"लिहिलं की कुणी बघत नाही, मॅडम. तुम्ही यादीत टिक कराल आणि पुढे जाल."

तसंच झालं. ते काम माझ्या यादीत सहा महिने पडून होतं. एका सोमवारी मी आकडे फाइलीत लिहिले, रीस्टार्ट करून तपासले, टिक केली. काकांना कळवणं यादीत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी त्यांचाच फोन आला. "मॅडम, मशीन इतक्यात बंद पडलंच नाही का?"

"पडलं की, तीनदा. आता आपोआप घेतं आकडे. मी फाइलीत टाकलेत."

 मग म्हणाले, "बरं केलंत. मीच करायला हवं होतं." गुडघ्याचं विचारायचं मात्र विसरले.

त्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा शेजारच्या वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "त्र्यंबकला चला म्हटलं तरी घर सोडायचे नाहीत. ऑफिसचा फोन येईल म्हणायचे. येत होता ना हो, शेवटपर्यंत?"

मी "हो" म्हणाले.