मामा, हँडल धरा!

मामा चालत्या स्कूटरचं हँडल सोडून नमस्कार करायचे. एक हात छातीला लावून मान झुकवणं वगैरे नव्हे. दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, साग्रसंगीत. आणि आमच्या नाशकात देवळं किती, हे मी सांगायला नको. पंचवटीतून मखमलाबादकडे त्यांच्या मागे बसून जायचं म्हणजे मी सारखा ओरडत असायचो, "मामा, हँडल धरा! मामा, समोरून टेम्पो येतोय!" मामा सावकाश डोळे उघडायचे, हँडल धरायचे आणि म्हणायचे, "अरे, ज्याला हात जोडले त्याला दिसतोय ना टेम्पो." यावर माणसाने काय बोलावं? मी पुढच्या देवळापर्यंत जीव मुठीत धरून बसायचो.

मामा आमच्यापैकी कुणाचेच मामा नव्हते. मखमलाबादला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता आणि शहरात फुलांचा गाळा. तरुणपणी कुठल्याशा जत्रेतल्या सायकल शर्यतीत त्यांनी एकदा नंबर काढला होता. तेवढ्या भांडवलावर नव्वदच्या दशकात ते आमच्या सायकल टीमचे कोच, मॅनेजर, डॉक्टर आणि स्वयंपाकी झाले. टीममध्ये आम्ही चौघं. मी, विलास आणि कैलास हे किराणा दुकानदाराचे दोन मुलगे, आणि रंगनाथ. रंगनाथ पेठकडच्या डोंगरातला. घरी भात आणि नागली पिकायची, ती चार महिने पुरायची. म्हणून तो नाशकात द्वारका चौकातल्या एका पंक्चरच्या दुकानात काम करायचा आणि तिथेच मागच्या बाजूला राहायचा.

आमचं लक्ष्य एकच होतं, नांदुरी ते सप्तशृंगगडाचा घाट. चौघांनी एकत्र सुटायचं, आणि चौथ्याचं पुढचं चाक रेघेवरून गेलं की वेळ थांबायची. हा रेकॉर्ड पुण्याच्या एका टीमच्या नावावर होता. आम्हा तिघांना तो हौसेसाठी हवा होता. रंगनाथला तो नोकरीसाठी हवा होता. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघाली होती, अर्जासोबत अशा रेकॉर्डचं सर्टिफिकेट लागणार होतं, आणि वयाच्या अटीमुळे त्याची ही शेवटची संधी होती. हे मामांना माहीत होतं. किंबहुना ती जाहिरात कापून त्याच्याकडे नेऊन देणारे मामाच होते. पुढचं सगळं ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

मामांना वजनाचं वेड होतं. दर रविवारी आमच्या सायकली त्यांच्या गाळ्यातल्या फुलांच्या काट्याला टांगल्या जायच्या. आधी मडगार्ड गेले, मग स्टँड, मग घंटी. एकदा त्यांनी माझ्या सीटला खालून भोकं पाडली. "हवा खेळते आणि वजन पण कमी," म्हणाले. हवा खेळायची खरी, पण पावसाळ्यात चिखलही खेळायचा, त्याचं काय? सायकली झाल्या, मग आमची पाळी आली. टीममध्ये सगळ्यात जाड मी, त्यामुळे चौथा नंबर कायम माझा. एकदा मिसळीची दुसरी प्लेट समोर आली आणि मान वर करून बघतो तर मामा शेजारच्या टेबलावर. माझी प्लेट स्वतःकडे ओढून शांतपणे खाता खाता म्हणाले, "पुण्याच्या टीमला हरवायचंय आपल्याला. त्यांना मदत नाही करायची." तर्री सुद्धा सोडली नाही त्यांनी.

पण काट्यापाशी हा माणूस आणखी वेगळा व्हायचा. बाजारात फुलांवर पाणी मारतात; फुलं टवटवीत दिसतात आणि वजनालाही जरा बरी पडतात. मामा उलटं करायचे. मापायच्या आधी फुलं सुपात घेऊन खळखळ झटकायचे, सगळं पाणी निथळेपर्यंत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाळ्यासमोर ही गर्दी, बायका ओरडतायत, "ओ मामा, द्या ना तशीच!" आणि मामा आपले सूप हलवतायत. "ताई, पाणी नळाला फुकट मिळतं. माझ्याकडून फुलं न्या." अर्धी गिऱ्हाइकं कंटाळून शेजारच्या गाळ्यावर जायची. मी मदतीला उभा असायचो आणि माझ्या डोक्याला नुसता ताप व्हायचा.

रेकॉर्डच्या दिवसासाठी मामांनी शेवटची रेघ कुठे आखावी? गडावर, देवीच्या पहिल्या पायरीशी. पुण्याच्या टीमचीही तिथेच होती, पण मामांना त्यात देवीचा कौल दिसला. नियम असा होता की घड्याळं दोन. एक पंचांचं, एक टीमच्या मॅनेजरचं. दोन्ही नांदुरीत एकदम सुरू करायची, जीपने पुढे वर न्यायची आणि रेघेवर थांबवायची. दोन्हींचा मेळ बसला तरच रेकॉर्ड मान्य. पंच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले व्यायामाचे मास्तर होते. कडक, पण मनाने सरळ.

त्या सकाळी आम्ही जसे चढलो तसे आयुष्यात पुन्हा कधी चढलो नाही. रंगनाथ पुढे होता. वळणावळणावर तो मागे बघून मला ओरडायचा, "चल रे, बस नको! आता थोडाच हाय!" थोडाच कुठला, अर्धा घाट बाकी होता. शेवटच्या वळणानंतर माझे पाय माझे राहिलेच नव्हते. रंगनाथ गेला, विलास-कैलास गेले, आणि मी रेघेवरून गेलो तो थेट एका नारळवाल्याच्या टोपलीपाशी जाऊन पडलो. पंच ओरडले, "झाला! झाला रे!" पुण्याचा रेकॉर्ड चांगला दणदणीत मोडला होता. मी पडल्या पडल्या मान वळवून मामांकडे पाहिलं.

मामा पायरीशी उभे होते. वर देवळात आरतीची घंटा वाजत होती. मामांचे दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि त्या जोडलेल्या हातांच्या मधोमध घड्याळ. चालू.

पंचांनी त्यांना हलवलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आम्हा चौघांना बघितलं, हात उघडले आणि घड्याळाकडे पाहिलं. पंच खरंच भला माणूस. ते म्हणाले, "अहो, होतं असं. माझं घड्याळ बरोबर थांबलंय. तुम्ही तीच वेळ लिहा, सही करा, विषय संपला." कैलासने पेन पण पुढे केलं. मामांनी पेन घेतलं नाही.

"मी दाबलं नाही, मास्तर," मामा म्हणाले.

"मामा, पण वेळ खरीच आहे ना!" मी नारळांतून ओरडलो.

"वेळ खरी आहे. सही खोटी होईल."

आम्ही काय काय नाही केलं! विलासने हात जोडले. मी शिव्या सोडून सगळं बोललो, आणि शेवटी एक शिवी पण दिली. पंचांनी समजावलं. जीपचा ड्रायव्हर सुद्धा म्हणाला, "करा ना मामा, कोण बघतंय?" हे ऐकून मामांनी वर देवळाकडे पाहिलं आणि मला कळलं की आता सगळं संपलं. रंगनाथने सायकल उचलून जीपच्या टपावर टाकली आणि आत जाऊन बसला. घाट उतरताना मामा पुढे बसून त्या चालू घड्याळाकडे बघत होते. ते बंद करायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा रंगनाथच्या दुकानावर गेले. मी तिथेच होतो. कोपऱ्यात टायरच्या ढिगावर बसून मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ केली. मामा रंगनाथला म्हणाले, "रागावलास?"

"तुमी फक्त सही करायची होती, मामा."

"आणि त्या खोट्या सहीवर तू साहेबासमोर ताठ मानेनं उभा राहिला असतास?"

रंगनाथने पाण्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघितलं आणि म्हणाला, "हो. राहिलो असतो. घरी आईला पैसं पाठवायचं हाय मला."

मामा स्कूटरला किक मारून निघून गेले. समोरच मारुतीचं देऊळ आहे. त्या दिवशी त्यांनी हँडल सोडलं नाही.

त्यानंतर ते रोज पहाटे पंचांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. पंच बाहेर आले की उठून उभं राहायचं, एवढंच. मास्तरीणबाई आधी चहा द्यायच्या, मग नाश्ता द्यायला लागल्या, मग वैतागल्या आणि नवऱ्यालाच म्हणाल्या, "अहो, द्या ना एकदाचा त्यांना दुसरा रविवार, माझा ओटा तरी रिकामा होईल!" अर्जाच्या मुदतीआधीचा शेवटचा रविवार मिळाला.

या वेळी मामांनी स्वतःचं घड्याळ विलास-कैलासच्या वडिलांकडे दिलं. त्या गृहस्थांना उभ्या नाशकात कुणी देवळात शिरताना पाहिलं नव्हतं. "मॅनेजर आज हे," मामा पंचांना म्हणाले, "माझा माझ्यावर भरवसा नाही." स्वतः वर आलेच नाहीत. नांदुरीतच थांबले.

उलटा वारा होता. पाय जड होते. पहिल्या दिवसासारखं काही म्हणजे काही जमत नव्हतं. मधल्या वळणावर मी रंगनाथला ओरडून सांगितलं, "मी संपलो रे!" तो मागे वळला नाही, नुसता वेग जरा कमी केला आणि मला आपल्या पाठीच्या आडोशाला घेतलं. तसंच, त्याच्या मागच्या चाकाकडे बघत, मी वर पोचलो. दोन्ही घड्याळं थांबली. मेळ बसला. रेकॉर्ड मोडला होता, पण जेमतेम.

खाली आलो तर मामा डोंगराकडे पाठ करून मैलाच्या दगडावर बसलेले. रंगनाथ जीप थांबायच्या आत उडी मारून उतरला आणि त्यांच्या पाया पडला. मामांनी त्याला उठवलं, घट्ट धरलं, वेळ विचारली. पंचांनी सांगितली. मामा काय म्हणाले असतील? "मागच्या वेळेपेक्षा जास्त लागला." त्या दिवशी! त्या क्षणी! मी हात टेकले.

रंगनाथला नोकरी लागली. पहिल्या पोस्टिंगला तो दूर विदर्भात गेला. आमची टीम हळूहळू विस्कटली. मी अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात चिकटलो आणि मिसळीच्या प्लेटा मोजणारं कुणी उरलं नाही. मामांना साखरेचा त्रास सुरू झाला, नजर कमी झाली, आणि मुलाने स्कूटर विकली. निदान टेम्पोवाले सुटले.

मग काही वर्षांनी नव्या मुलांची एक टीम आली. परदेशी सायकली, हेल्मेटं, मनगटावर कसली कसली यंत्रं. त्यांनी आमचा रेकॉर्ड मोडला. पायरीशीच छोटासा सत्कार होता. मामांनी हट्ट धरला म्हणून मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. स्वतः ओवलेले झेंडूचे चार भलेमोठे हार त्यांच्या मांडीवर. हार घालून झाले, टाळ्या झाल्या, आणि मामांनी सगळ्यांसमोर त्या मुलांना सांगितलं, "शाबास. कागदावरचा रेकॉर्ड मोडलात. पण माझी पोरं एकदा याहून लवकर वर आली होती. तेव्हा मी घड्याळ दाबलं नव्हतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांचा कॅप्टन अनिकेत, गरम डोक्याचा, म्हणाला, "आजोबा, याला पुरावा काय?"

"पुरावा नाही. असता तर कागदावर नसता का?" मामा म्हणाले. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी नाइलाजाने पंचांच्या घड्याळातली वेळ सांगितली. तो गळ्यातला हार काढून बाजूला गेला. परतीच्या वाटेवर मी मामांवर वणीपर्यंत ओरडत होतो. "काय गरज होती मामा? पोरांचा दिवस होता! त्यांचं तोंड बघितलंत?" मामा म्हणाले, "कमी मापून कसं देऊ रे पोरांना?" आणि खुशाल झोपले.

त्या थंडीत मामा अंथरुणाला खिळले. एक दिवस संध्याकाळी मी त्यांच्यापाशी बसलो होतो, तेवढ्यात अनिकेत आला. सकाळी ते चौघं पुन्हा गड चढले होते. ना सत्कार, ना बातमी. पण दोन घड्याळं लावून. त्याने वेळ सांगितली. मामांनी पुन्हा विचारली. त्याने पुन्हा सांगितली. आमच्या त्या पहिल्या दिवसापेक्षा कमी होती. मामांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तो गेल्यावर मामा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मोडला रे आज तुमचा रेकॉर्ड," ते म्हणाले.

"मामा, तो तर त्यांनी मागेच मोडला की."

"छट्. तो कुठला? आज मोडला."

मग माझ्या ध्यानात आलं. जो रेकॉर्ड कुठेही लिहिलेला नव्हता, जो आम्ही चौघांनीही कधीच सोडून दिला होता, तो हा माणूस इतकी वर्षं एकटा सांभाळत बसला होता. आणि त्या सत्कारापर्यंत त्याबद्दल मला एका शब्दाने बोलला नव्हता. मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. त्याच रागात मी त्यांचे पाय चेपत बसलो, त्यांना झोप लागेपर्यंत. ते आमचं शेवटचं बोलणं.